‘घाई असतली’ या घरी आपलं स्वागत

गावातली घरं नकाशावर आणणं हे माझं काम आहे, आणि त्यापायी माझ्या ताईचं लग्न पाऊण तास मोडलेलं होतं.

थांबा, नीट सांगते. आमची कंपनी म्हणजे सुरुवातीला म्हापशातल्या एका बेकरीच्या वरची खोली, दोन टेबलं आणि एक स्कूटर. स्कूटर माझी. पेडणे तालुक्यातलं एकेक घर फोनवरच्या नकाशात टिपायचं, हे काम. पण आमच्याकडे घर नंबर विचारलात तर घरमालकच आत जाऊन कागद शोधतो. लोक घर ओळखतात ते गावानं ठेवलेल्या नावानं, आणि ते नाव दारावर कधीच लिहिलेलं नसतं. मग एका मीटिंगमध्ये मी हात वर केला. “सर, फॉर्मात एक रकाना वाढवूया. गाव या घराला काय म्हणतो?”

(हो, माझीच कल्पना. पुढचं वाचताना शिव्या योग्य पत्त्यावर जाव्यात म्हणून सांगितलं.)

रकाना असा चालला की विचारू नका. पार्सलवाले न चुकता दारात पोचायला लागले, मोठमोठ्या कंपन्या आमचा नकाशा मागायला लागल्या. बेकरीवरची खोली गेली, काचेचं दार आलं, एसी आला. डिचोली, सत्तरी सगळीकडे माणसं नेमली. वाळपईची पूर्वा आली, मी टीम लीड झाले. सरांचा एक नियम होता: स्वतःच्या वाड्याचा, म्हणजे वस्तीचा, सर्व्हे स्वतः करायचा नाही, कारण जो तो आपलं घर मोठं काढतो. म्हणून धारगळचा आमचा वाडा पूर्वानं केला. मी तो उघडूनसुद्धा बघितला नाही. आपलं घर कोण नकाशात शोधतं?

मग आमचा नकाशा बोलायला लागला. कुठं वळायचं ते घरांची नावं घेऊन सांगायचा. ऑफिसात टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्या.

त्याच्या पुढच्या रविवारी ताईला बघायला डिचोलीची माणसं येणार होती. बघायला म्हणजे नावापुरतं. ताई आणि विनय पेडण्याला एकाच ऑफिसात, दोन वर्षं त्यांचं आपसांत ठरलेलं. फक्त मोठ्यांनी एकदा मान हलवायची बाकी होती. सकाळीच ताईनं मला कोपऱ्यात घेतलं.

“बाय, आज तू फक्त पाणी आणून द्यायचं. शहाणपणा नको.”

“मी काय करतलंय?”

“तेच माका म्हायत नाय.”

मी फक्त एकच केलं होतं. विनयला आमच्याच ॲपवरून घराचं लोकेशन पाठवलं होतं.

गाडी आली. काचा खाली. बाबा, आई, मी, शेजारची सुशीलाकाकी, सगळे गेटात हसऱ्या तोंडानं उभे. तेवढ्यात गाडीतल्या फोनमधून आमच्या नकाशाची गोड आवाजातली बाई म्हणाली, “‘नळ बंद करीना’ या घरानंतर उजवीकडे वळा.”

सुशीलाकाकीचं हसू गेलं. घर तिचं होतं, आणि नळ अजून चालूच होता.

गाडी वळून अंगणात शिरली. बाई म्हणाली, “तुमचं ठिकाण आलं आहे. ‘घाई असतली’.”

आता आमच्या बाबांची एक सवय. कुणीही दारात आलं की बाबा स्वतः उठतात, त्याला प्रेमानं गेटापर्यंत सोडतात आणि म्हणतात, “चाय केली असती, पण तुमका घाई असतली.” आम्हाला वाटायचं, केवढा हा समंजसपणा! गावाचं मत वेगळं होतं, आणि ते आता सॅटेलाइटवरून आलं होतं.

“ह्या नाव कित्याक पडला हो?” विनयची आई उतरता उतरता म्हणाली.

बाबांनी गाडीचं दार उगाच दोनदा लावलं. आई पोहे आणायला आत पळाली. सुशीलाकाकी मात्र नळाचा घाव घेऊन उभी होती. “हय कोणाक चाय मिळणा नाय, म्हणान. एक चेडू इल्ला लिवून घेवक, तेका मीच सांगलंय.” चेडू म्हणजे मुलगी, आमची पूर्वा.

विनयची आई ओसरीवर टेकली, ती अर्धीच. “आमच्याकडे दारातलो माणूस चाय पिल्याशिवाय जाणा नाय,” ती हळूच म्हणाली. पोहे तसेच राहिले. दहा मिनिटांत ती उठली. “बघूया. कळवतो.”

‘बघूया, कळवतो’ म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. ताईनं माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या तांब्याकडे बघितलं.

आणि बाबांनी जाऊन गेटाला कुलूप घातलं.

“बसा. कोणाक घाई नाय.”

चहा आला. तो संपायच्या आत दुसरा. “आणखी घेवा.” शिरा झाला, लाडू झाले, परत चहा. मग बाबा परसातून भलामोठा फणस घेऊन आले आणि पाहुण्यांच्या पुढ्यातच फोडायला बसले. विनयच्या वडिलांनी भिडेनं एक गरा घेतला, मग चवीनं आठ. दोन्ही हात चिकानं माखले. चीक काढायला खोबरेल लागतं, आणि खोबरेल बाबांनी सगळं स्वतःच्या हाताला लावून संपवलेलं. मी हुशारीनं त्यांना हात पुसायला वर्तमानपत्र दिलं. ते चिकटलं.

“अहो, आमका साखळी गावात वास्तुशांतीक पोचूचा असा,” एका हाताला बातम्या आणि दुसऱ्याला जाहिराती लावून ते कळवळून म्हणाले. “आमका खरीच घाई असा.”

“बाय,” बाबा आत बघून म्हणाले, “चाय ठेव गो.”

विनयची आई इतका वेळ ओठ दाबून बसली होती, ती पदरात तोंड घालून हसायलाच लागली. हसता हसता ताईचा हात धरला. “सून पसंत असा. आता तेवढा गेट उघडा.”

लग्न ठरलं, पण मुलाकडच्यांनी एक अट घातली: पत्रिकेवर नकाशाचं काही छापायचं नाही, वऱ्हाडाला वाट माणसानं दाखवायची. त्यामुळे ताईच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या तेव्हा मी, एका वाढत्या नकाशा कंपनीची टीम लीड, शालू नेसून धारगळच्या हायवेवर पुठ्ठ्याचा बाण धरून उभी होते. तरी वऱ्हाडाची एक बस सरळ पेडण्याला गेली. बाण मी उलटा धरला होता.