दहा सेकंदांचा पहारा

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि म्हातारपणी ते लिनक्स या कॉम्प्युटर-प्रणालीच्या नादी लागले. मला भरतकामाच्या डिझाइनसाठी विंडोज हवं होतं, आणि घरात कॉम्प्युटर एकच.

"एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील, बाबा?" मी वैतागले.

त्यांनी डिस्कचे दोन भाग केले आणि एकात लिनक्स, दुसऱ्यात विंडोज बसवलं. आता कॉम्प्युटर सुरू केला की तो विचारतो, कोणतं हवं? दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर त्यातलं एक आपोआप उघडतं. ते लिनक्सच असणार, असं धरून मी महिनाभर पडद्यासमोर पहारा दिला आणि घाईघाईने विंडोजवर क्लिक करत राहिले.

परवा कॉम्प्युटर सुरू केला आणि नेमकं दूध उतू गेलं. धावत जाऊन परत आले, तर विंडोज उघडलेलं.

"पहिल्या दिवसापासून तसंच लावलंय," सासरे म्हणाले. "तुझे हात कामात असतात. माझे रिकामेच."