जुनं सामान आहे का?

ताईचा फोन आला तेव्हा चंदनसारला आमच्या इमारतीखाली मी गाडी सुरू करून नुसती बसले होते. गार इंजिन सुरू केलं की लगेच निघायचं नाही, थोडा वेळ आवाज ऐकायचा, ही भाऊजींची शिकवण. ताई एवढंच म्हणाली, "शुभा, हे गेले गं..." त्याच गाडीनं मी आणि माझा नवरा वसईला तिच्या घरी पोचलो. दीड महिना होत आला, पण किल्ली फिरवली की मी अजून कान देऊन थांबते.

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मेकॅनिक नव्हते. सातिवलीतल्या एका कारखान्यात हिशेब बघण्यात त्यांची नोकरी सरली. 'इंजिन नवीन बांधलंय' एवढ्यावर विश्वासून त्यांनी एकदा जुनी गाडी घेतली आणि ती महिन्याभरात हायवेवर धूर ओकत बंद पडली, ताईसकट. तेव्हापासून नात्यात कुणी जुनी गाडी बघायला निघालं की भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून तयार, जणू स्थळच बघायला जायचंय.

माझ्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हा मीही त्यांनाच गाठलं. व्यायामासाठी त्याला न्यायला गाडी हवी होती. रिक्षाचे धक्के त्याला सोसेनात, आणि गाडी वाटेत बंद पडली तर त्याला उतरवून मी नेणार कुठे? पहिलीच गाडी मला आवडली. इंजिन पूर्ण बांधलंय, नवीनच समजा, असं मालक सांगत होता. भाऊजींनी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. आत्ताच धुवून आणली, मालक म्हणाला. गरम इंजिन आपले दोष लपवतं, म्हणून मग चहा घेऊ, म्हणत भाऊजी तिथेच बसले आणि इंजिन निवेपर्यंत त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी करत राहिले. मी मनातून भयंकर चिडले होते. शेवटी किल्ली फिरवली, तर मागे निळा धूर, म्हणजे झिजलेलं इंजिन ऑइल जाळत होतं. काम कुठे केलं? गावाकडे. गावाचं नाव सांगा, रविवारी जाऊन येऊ, असं भाऊजी इतक्या प्रेमानं म्हणाले की तो बिचारा हसून बॉनेट लावायला लागला.

परतताना मी त्याला लबाड म्हटलं. ते भाऊजींना पटलं नाही.

"त्याला विकणाऱ्यानं जे सांगितलं, तेच तो पुढे सांगतोय गं. आपण ते घरी आणायचं नाही, इतकंच."

पुढची गाडी खाडीकडच्या एका शेतकरी आजोबांची होती. तिचंही इंजिन बांधलेलं. भाऊजींनी नेहमीचा प्रश्न विचारला, जुनं सामान आहे का? इंजिन खरंच उघडून बांधलं असेल, तर बदललेले भाग कुठेतरी असणारच, हा त्यांचा हिशेब. आजोबा म्हणाले, "हाय ना. पोत्यात ठेवलंय, कोनी फेकलं नाय." तारेत ओवलेले चार झिजके पिस्टन निघाले. भाऊजी ते घेऊन आजोबांच्या गॅरेजवाल्याकडे सातिवलीला गेले, त्यानं आपलं काम ओळखलं, आणि मगच मला होकार मिळाला. आज माझा नवरा काठी घेऊन चालतो... त्यात त्या गाडीचा वाटा आहे, आणि भाऊजींचा.

ते पिस्टन भाऊजींनी ठेवून घेतले. पुढे विकशील तेव्हा लागतील, म्हणायचे, आणि तोवर बाल्कनीचं दार अडवायला वापरायचे. दार उघडं, शेजारी त्यांची खुर्ची, हे ठरलेलं.

परवा ताईनं ते उचलून माझ्या हातात दिले. "तुझ्या गाडीचे आहेत, ने बाई. विकताना दाखवायला हवेत, सारखं म्हणायचे."

तेवढ्यात वारा आला आणि दार धाडकन आपटलं. आम्ही दोघींनी एकदमच खुर्चीकडे पाहिलं.

मी दार उघडलं आणि पिस्टन होते तिथे ठेवले. गाडी मी विकणार नाही, असं ताईला सांगितलं.