झाकणावरचं पाणी

त्या माणसाचा मला अजून राग येतो. पुण्याचा, चाळिशीचा, शिकागोजवळच्या एका ॲल्युमिनियम कारखान्यात प्लांट मॅनेजर. पहिल्याच दिवशी त्याने मला काका म्हटलं आणि मी विरघळलो.

त्यांच्या भट्टीला आतून नवं अस्तर ओतलं होतं. निवृत्त झालो तरी अशा कामांना मला अजून बोलावतात. हे अस्तर काँक्रीटसारखं पाणी घालून ओततात आणि मग ते पाणी हळूहळू बाहेर काढावं लागतं. घाई केली की वाफ भिंतीतच कोंडते आणि वीतभर जाड भिंत फुटते. म्हणून भट्टी अडीचशे फॅरनहाइटला आणायची आणि थांबायचं. किती? पाणी संपेपर्यंत. याला अक्कल फारशी लागत नाही, धीर लागतो, आणि तोच कुणाकडे नसतो.

भट्टीच्या पत्र्याला वाफ जाण्यासाठी बारीक भोकं ठेवलेली असतात. मी माझ्या डब्याचं स्टीलचं झाकण गार पाण्याखाली धरतो, पुसतो आणि भोकासमोर नेतो. त्यावर पाणी जमलं तर आत ओल आहे. चाळीस वर्षं मी हेच करत आलोय. भट्टीवर साठीला आलेला एक अमेरिकन ऑपरेटर होता, मोजकं बोलणारा. पहिल्या दिवशी तो झाकणाकडे बघून हसला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या थर्मासचं झाकण काढून पुढे केलं.

मॅनेजरला मात्र या झाकणाची लाज वाटायची.

"काका, तापमानाचा ग्राफ बघा ना, कालपासून एकदम फ्लॅट आहे. कस्टमर थांबलाय. आता रॅम्प करू या, तापमान चढवू या."

"झाकण ओलं आहे," मी म्हणालो. "ते कोरडं होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"ओके काका, तुम्ही म्हणाल तसं." आणि लगेच, "आज लंचला घरीच चला. हिनं पुऱ्या केल्यात, डेव्हनवरच्या देशी दुकानातून श्रीखंड आणलंय. नाही म्हणायचं नाही."

म्हणायला हवं होतं. भट्टी तापत असताना कोणी जेवायला जातं का? पण इतक्या दूर कुणी काका म्हणून बोलावलं की माझ्या तोंडून नकार निघत नाही. मी ऑपरेटरला सांगितलं, "मी परत येईपर्यंत भट्टी सोडू नकोस." त्याने मान हलवली.

मॅनेजरची बायको गरम पुऱ्या वाढत होती, आग्रह करत होती. हा डाव्या हाताने फोनवर काहीतरी करत होता. मला ते दिसत होतं. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नये म्हणून मी ताटात बघत राहिलो आणि श्रीखंड दुसऱ्यांदा वाढून घेतलं. माझ्यासमोर बसून, त्या फोनवरून, त्याने भट्टी सहाशेवर लावली होती. नंतर हे त्यानेच सांगितलं, आणि वर म्हणाला, "तुम्हाला बोललो असतो तर तुम्ही जेवला नसतात, काका."

हात धूत होतो तेव्हा कारखान्यातून फोन आला. भट्टीच्या दाराजवळची भिंत फुटली होती.

ऑपरेटरचा चेहरा भाजला, उजवा डोळा गेला. अपघाताच्या रिपोर्टमध्ये मॅनेजरने अस्तरालाच दोष दिला. मी सगळं खरं लिहून दिलं, तेव्हा त्याने फोन करून विचारलं, "काका, आपल्याच माणसाविरुद्ध?" त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही.

हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा ऑपरेटर बँडेजमधून हळूहळू बोलत होता. भिंतीतून टकटक आवाज यायला लागला तेव्हा बाकीचे बाहेर पळाले, म्हणाला.

"मग तू का थांबलास?" मी विचारलं.

"तू सोडू नकोस म्हणाला होतास. आणि तुला यायला उशीर होत होता, म्हणून मीच झाकण धरून बघितलं," तो म्हणाला. "ओलंच होतं."