भास्करभाऊंच्या मुलीचं प्रोजेक्ट

सान्वी, ईशान, तुमच्या शाळेतल्या प्रोजेक्टच्या दिवसाचे फोटो मिळाले. शेजारी तुमचे आईबाबा कॉफीचे कप घेऊन उभे आहेत. 'आजी, तुझ्या शाळेत असं असायचं का?' असं सान्वीने विचारलं होतं. फोनवर मी फक्त 'हो' म्हणाले, कारण तुमची झोपायची वेळ झाली होती. पुरं उत्तर आता लिहिते.

निवृत्त होण्याआधी मी सुरतेत, डिंडोलीच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवत होते. बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या कुटुंबांची होती. वडील पॉवरलूमवर कामाला. कापड विणणाऱ्या या यंत्राला इथे संचा म्हणतात. पाळी बारा तासांची, सकाळी सात ते संध्याकाळी सात किंवा त्याच्या उलट. म्हणून आमचा प्रोजेक्टचा दिवस मी सकाळी साडेसातला ठेवला. रात्रपाळी सुटली की वडील थेट शाळेत येऊ शकत.

मुख्याध्यापक चौधरी सरांना वेळ पटली नाही. "मॅडम, एवढ्या सकाळी कोण येणार?"

"ज्यांना एरवी येता येत नाही ते."

विषय होता 'आमच्या घरातलं एक काम'. दिव्याने बुटाच्या खोक्याचा संचा केला होता. त्यात आइस्क्रीमच्या काड्या आणि रंगीत दोरे. काम नेटकं होतं. अडचण वेगळीच होती. दिव्या वर्गात बोलत नसे. बोललीच तर पहिल्या बाकालाही ऐकू जात नसे.

तिचे वडील भास्करभाऊ आठवड्यापूर्वी येऊन गेले होते. पाळीवरून आल्यामुळे डोळे लाल होते, आणि आवाज वरच्या मजल्यावर पोचेल इतका मोठा. "म्याडम, पोरगी शाळेत तोंडच उघडत नाही म्हणतात. मग शिकून काय करणार? परीक्षा झाली की गावाला पाठवतो आजीकडे. घरातलं तरी शिकेल."

मी म्हटलं, "प्रोजेक्टच्या दिवशी येऊन एकदा ऐका. मग ठरवा."

"काय?"

मी तेच ओरडून सांगितलं.

"ऐकतो. पण ती बोलली पाहिजे."

रिहर्सलला दिव्या पुटपुटली. चौधरी सरांनी लगेच उपाय काढला. "माईक लावू. स्पीकर मोठा आणतो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे." मलाही ते बरोबर वाटलं.

त्या दिवशी हॉल भरला. आया पुढे सतरंजीवर, रात्रपाळीचे वडील मागे भिंतीला टेकून. दिव्याचा नंबर आला. तिने माईक दोन्ही हातांनी ओठांना लावला आणि स्पीकरमधून नुसती घरघर ऐकू आली. मागून भास्करभाऊ गावाकडच्या बोलीत ओरडले, "ते काढ तोंडम्होरथीन! माले काही समजस नही!"

चौधरी सरांनी त्यांना खाली बसा अशी खूण केली. ते बसले नाहीत. त्यांनी दिव्याला स्वतःच्या ओठांकडे बोट करून दाखवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. संच्याच्या खोलीत इतका खडखडाट असतो, की कारागीर एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. वर्षानुवर्षं तिथे काढल्यावर कानही मंद होतात. भास्करभाऊ ओठ पाहून ऐकत होते, आणि आम्ही ओठच झाकले होते.

मी दिव्याच्या हातातून माईक घेतला. "घरी बाबांना जसं सांगतेस, तसं सांग."

तिने वडिलांकडे पाहिलं आणि सुरुवात केली. आवाज तेवढाच बारीक, पण प्रत्येक शब्दाला ओठ स्पष्ट हलत होते. दोरा तुटला, हे तिने दोन बोटं जोडून झटक्यात लांब करून दाखवलं. संचा थांबव, म्हणजे मिटलेली मूठ. गाठ मार, पुन्हा चालू कर. पुढच्या आयांना निम्मंच ऐकू आलं. मागची रांग मात्र माना हलवत होती.

"भास्कर, तुनी पोर मास्टर व्हयनी रे!" एकजण ओरडला. मास्टर म्हणजे संचे सांभाळणारा मुकादम. "आते तू घर बस, तिलेच धाड कामले!"

हॉल हसला. दिव्याही हसली, आणि पुढचं सांगताना आवाज जरा चढला.

नंतर चहा झाला. चौधरी सर स्पीकरच्या वायरी गुंडाळत होते. भास्करभाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मोठ्याने विचारलं, "म्याडम, पाचवीची पुस्तकं शाळेत मिळतात का बाहेरून घ्यायची?"

मीही ओठ स्पष्ट हलवत सांगितलं, "शाळेत."

मुलांनो, कार्यक्रम ठरवताना समोर कोण बसणार आहे ते आधी पाहावं, सामान नंतर आणावं.

दिव्या आता नववीत आहे, सुरतेतच. शाळेतले मराठीचे वर्ग कमी झाले. प्रोजेक्टचा दिवस अजून होतो, सकाळी पाळी सुटल्यावर.