ओरखड्याची जागा

८ फेब्रुवारी. माधवच्या रेकॉर्डचं कपाट रिकामं करायला घेतलं. तो जाऊन वर्ष होत आलं आणि मला रॉकचा तो गोंगाट कधीच आवडला नाही. पिशवी भरून रेकॉर्डच्या दुकानात विकायला गेले. तिथे पांढऱ्या केसांची पोनी बांधलेले एक गृहस्थ नवी कोरी रेकॉर्ड घेत होते. तीच, जुनी, माझ्या पिशवीत सगळ्यात वर होती.

"घरी आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "पण घासली. ऐकवत नाही."

"मग टाकून द्या."

"टाकवत नाही ना, वहिनी!"

याला काय अर्थ आहे, असं म्हणत मीही नवी घेतली. पिशवी तशीच परत आणली.

आमच्या जुन्या रेकॉर्डवर तिसऱ्या गाण्यात ओरखडा आहे. तिथे सुई अडकायची, एकच ओळ पुन्हा पुन्हा यायची आणि माधव बाथरूममधून ओरडायचा, "अगं, ढकल तिला!" मी पोळ्या सोडून, पुटपुटत जायची. सोबत बहुतेक अशीच असते. तेव्हा ती आपल्याला कटकट वाटते.

संध्याकाळी नवी रेकॉर्ड लावून कणीक मळत होते. ती जागा आली तशी पिठाच्या हातानेच धावले. गाणं सरळ पुढे निघून गेलं. मी तिथेच उभी राहिले. मला कोणी हाक मारली नव्हती.

९ फेब्रुवारी. आज सकाळी जुनी लावली आणि पोळ्या करायला घेतल्या. सुई अडकली, तेव्हा गॅस बारीक केला आणि गेले.