एकाच नावाची माणसं

वेल्समधल्या कार्डिफला शिकत असताना मी शनिवारी एका इटालियन आजोबांच्या कॅफेत काम करायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणाशी काय बोलावं याची मला धास्ती असे.

काउंटरमागे तीन तसबिरी होत्या: एक सेनानी, एक संगीतकार, एक फुटबॉलपटू. तिघंही इटलीत गाजलेले आणि तिघांचं पहिलं नाव आजोबांचंच. त्यांच्या घराण्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवत. सुनेला दिवस गेले, तेव्हापासून ते वाट बघत होते.

मुलगा झाला. आजोबांचा लेक फोनवर बाळाचा फोटो दाखवायला आला आणि चाचरत म्हणाला, "बाबा, आम्ही वेल्श नाव ठेवलंय. इथलाच आहे ना तो."

"छान आहे," आजोबा म्हणाले. लेक गेल्यावर मात्र ते बराच वेळ एकच कप पुसत राहिले.

मला राहवेना. "आमच्याकडे आजोबा हयात असताना त्यांचं नाव नातवाला ठेवतच नाहीत," मी म्हणाले. "ते गेल्यावर ठेवतात. म्हणजे तुम्ही खूप जगावं, असंच झालं ना हे?"

ते हसले. "पोरी, मग त्याला हाक मारायला मी कुठे असणार? बायको गेल्यापासून ते नाव घरात कुणी घेतलेलं नाही. मला ते मोठ्यानं घ्यायचं होतं."