मोजायचा राहिलेला दिवा

१२ ऑक्टोबर २००८, रविवार. सनीव्हेल. काम: कपाटातले दोन्ही दिवे कोरड्या फडक्यानं पुसणं, दोन्ही झाडांची उंची घेणं, वहीत लिहिणं. उंची घेतली. पुढचं राहिलं.

सांगलीत राहिलेली माझी माणसं फोनवर विचारतात, सुहास कसा आहे, आणि मी सांगते, बरा आहे. इकडे आलेल्या मैत्रिणीही विचारतात, त्यांनाही तेच सांगते. खरं काय चाललंय ते सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवते. कुणाला कधी वाचायला द्यायचं ते नंतर बघू.

घर सोडलं तेव्हाही मोजमापच चाललं होतं. २००१ चा मे महिना. एका बॅगेला बत्तीस किलोची मर्यादा, आणि घरात काटा नाही. म्हणून चारही बॅगा हातगाडीवर घालून मार्केट यार्डात नेल्या. माझ्या नवऱ्याचे, सुहासचे, मामा गुळाचे अडते. दहा-दहा किलोच्या ढेपांच्या रांगेशेजारी त्यांच्या काट्यावर आमच्या बॅगा चढल्या. मग गंमत म्हणून सुहासही चढला. एकाहत्तर किलो. तोलणारे तात्या म्हणाले, "सात ढेपा आणि वर चिमूटभर. अमेरिकेत भाव बरा येईल साहेबांना." यार्डातले सगळे हसले. सुहास सगळ्यांत जास्त.

चौथी बॅग तेहेतीस भरली. मी तिथेच ती उघडली आणि सासूबाईंनी दिलेली पितळेची समई बाहेर काढली. तिचे तीन भाग पेच फिरवला की सुटतात: खालची बैठक, मधला दांडा, वरची वाटी. सासूबाई आमच्याबरोबर यार्डात आल्याच होत्या; मी दांडा काढून त्यांच्या हातात दिला. एक किलो कमी झाला. त्या म्हणाल्या, "असू दे. मी येईन तेव्हा आणीन. तोवर बुटकीच लाव."

सात वर्षं बुटकीच लावली.

सांगलीत मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. एलईडी तेव्हा पॅनलवरचा लाल ठिपका होता. मुलांना सांगायचे, याचा उजेड पडत नाही रे, यंत्र चालू आहे एवढंच कळतं. इथे आल्यावर सुहास चिप बनवणाऱ्या कंपनीत, आणि मी त्याच्या व्हिसावर, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. सहा वर्षं मी भाजी आणली, गाडी शिकले आणि लायब्ररीतली पुस्तकं वाचली. गेल्या वर्षी ग्रीन कार्डचा अर्ज भरला, तेव्हा माझं वर्क परमिट आलं आणि पॉवर सप्लाय तपासायची नोकरी लागली. आता रुळावर आलो असं वाटलं. या एप्रिलमध्ये सुहासला जठराचा कॅन्सर निघाला.

केमोनंतर त्याला अन्न दिसलं तरी ढवळून येतं. जून महिन्यापासून आमच्या घरात फोडणी बंद आहे. मोहरी नाही, हिंग नाही, कांदा नाही. ज्यांना मराठी घर माहीत आहे त्यांना यापुढे सांगायला नको. ओकारीच्या तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, एकही लागू पडली नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: वजन अठ्ठेचाळीसच्या खाली गेलं तर केमो थांबवावी लागेल. मग म्हणाले, मारिजुआनानं, म्हणजे गांजानं, काहींना भूक लागते, मी चिठ्ठी देऊ शकतो, राज्याचा कायदा परवानगी देतो. केंद्राचा देत नाही. आमचं ग्रीन कार्ड केंद्र देणार. इमिग्रेशनच्या वकिलाला फोन केला, तर तो म्हणाला, "तुम्ही हा प्रश्न मला विचारलाच नाही असं मी धरतो."

विकत मिळतं, पण तिथे चिठ्ठी आणि ओळखपत्राची प्रत ठेवून घेतात. त्या यादीत आमचं नाव मला नको होतं. आमच्या खालच्या मजल्यावर डोना राहते, शाळेतून रिटायर झालेली. तिला स्वतःला चार वर्षांपूर्वी कॅन्सर झाला, तेव्हा तिनं घरीच दोन झाडं लावली होती. जुलैत तिनं मला दोन फांद्या दिल्या, मुळं फुटलेल्या, दह्याच्या डब्यात. म्हणाली, "घाई करता येत नाही यात. ऑक्टोबरअखेर औषधाची फुलं मिळतील असं धर."

जागा एकच होती: हॉलमधलं मोठं कपाट, आत माणूस उभा राहील एवढं. वरच्या फळीवर आमचा देव्हारा, खाली सुटकेसा. सुटकेसा गराजमध्ये गेल्या, झाडं आत आली.

दिव्यांचं काम मला येत होतं, म्हणून मी दिव्यांच्या मागे लागले. दुसरं काही येत नव्हतं. एका झाडावर चार नळ्यांचा फ्लुरोसंट. दुसऱ्यावर नवीन निघालेली एलईडीची पाटी, दोनशेच्या वर लाल-निळे ठिपके, चारशे वॅटच्या दिव्याइतकं काम करते अशी जाहिरात. घरी आल्या दिवशीच तिची वीज मोजली. पंचेचाळीस वॅट घेत होती. पंचेचाळीस वॅटमधून चारशेचं काम कसं निघेल हे माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनीही विचारलं असतं. तरी ठेवली. उष्णता नाही, वीजबिल वाढून कुणी विचारायचा प्रश्न नाही. लक्समीटर लावला, पण तो माणसाच्या डोळ्यांसाठी केलेला असतो, लाल-निळ्याला कमीच आकडा दाखवतो. म्हणून झाडंच मोजायची ठरवली. दर रविवारी उंची, पानं, दोन पेरांमधलं अंतर. नळ्यांखालचं झाड उंच, सैल, फांद्या पसरलेल्या; कपाट तापायचं, पंखा लागायचा. एलईडीखालचं बुटकं, घट्ट, गडद. पण वीतभर खाली गेलं की पानं गळायची, तिथवर उजेड पोचतच नव्हता. शिवाय त्या जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे ते कळत नाही. कुंडी खिडकीपाशी आणून बघावं लागतं.

एक दिवस सुहास कपाटात येऊन स्टुलावर बसला. "काय म्हणतेय तुझी प्रयोगशाळा?" मी मान वर करून पाहिलं. जांभळ्या उजेडात त्याच्या कातडीचा रंगच दिसत नव्हता. सांगलीतला सुहास बसलाय असं वाटलं. मी त्याला थोडा वेळ बस म्हटलं, कारण सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये सासूबाई आल्या. वय शहात्तर, पहिला विमानप्रवास, सामानात समईचा दांडा. देवाला नमस्कार करायला कपाट उघडलं आणि दारातच थबकल्या.

"अगं, हा गांजा."

"आई, औषध आहे."

"औषधच आहे. म्हशीला जुलाब झाले की माझे वडील हीच पानं घालायचे. सरकारला विचारलंस का?"

"एक सरकार हो म्हणतं, दुसरं नाही म्हणतं."

"मग हो म्हणतंय त्याचं ऐक. शंकराला चालतो, माझ्या पोराला का चालू नये?" आणि त्यांनी देवाबरोबर झाडांनाही हळदकुंकू वाहिलं. सुहास आतून ओरडला, "आई, सांगलीत सांगू नकोस. मामा यार्डात माझा लिलाव काढेल."

ऑगस्ट संपता संपता झाडांना फुलावर आणायचं होतं. त्यासाठी बारा तास उजेड आणि बारा तास काळोख लागतो. डोनानं बजावलं होतं, "काळोख म्हणजे काळोख. घड्याळाचा ठिपकासुद्धा नको." मी टायमरच्या लाल ठिपक्यावर काळी चिकटपट्टी लावली. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. मग आत उभी राहून दार लावून घेतलं आणि पाच मिनिटं काळोखात फटी शोधल्या. दोन सापडल्या, त्याही बुजवल्या. सप्टेंबरभर फुलं छान भरत गेली. वहीत तसं लिहिलेलं आहे.

तीस सप्टेंबरला घट बसले. सासूबाईंना अखंड दिवा ठेवायचा होता, सुहाससाठी. स्वयंपाकघरात ठेवला तर तेलाच्या वासानं त्याला उलटी होते, हॉलमध्ये खाली कार्पेट आणि वर धुराचा अलार्म. मीच म्हटलं, "आई, कपाटात ठेवू. देव तिथेच आहे, वास बाहेर येणार नाही." दांडा लावून समई पूर्ण उंचीची केली, परातीत पाणी घालून त्यात उभी केली, भोवती काच बसवली. रोज सकाळ-संध्याकाळ तेल मीच घालत होते. दसऱ्याला सुहासचं वजन पन्नासवर उतरलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, कोजागिरीपर्यंत चालू ठेवू. मी बरं म्हटलं.

आज चार वाजता डोना आली. दोन आठवडे तिला फुलं बघायला यायला जमलं नव्हतं. एक फांदी बोटांत धरून तिनं निरखली. फुलं भरायची थांबली होती, मधूनच नवी कोवळी पानं सुटत होती, दोन ठिकाणी बी धरल्यासारखं दिसत होतं. तिनं विचारलं, "रात्री इथे लाइट कोण ठेवतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मी सगळं टेप केलंय."

ती माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. मी वळले. समई होती.

या कपाटातला प्रत्येक दिवा मी मोजला. वॅट, लक्स, अंतर, तास. मटारच्या दाण्याएवढा लाल ठिपका झाकला. ही समई तेरा दिवस त्या झाडांच्या डोक्याशी जळत होती आणि माझ्या हिशेबात ती उजेड नव्हती. ती देवाचा दिवा होती. सांगलीतल्या कुठल्याही बाईनं हेच केलं असतं, पण मी तर दिवे शिकवलेली बाई.

"किती मागे पडलं?" मी विचारलं. डोना म्हणाली, तीन-चार आठवडे, तेही सावरलं तर. हाताशी तिचं स्वतःचं काही उरलं नाही हे तिनं आधीच सांगितलं होतं, पुन्हा विचारायचं नव्हतं. मी मनात आकडा केला. नोव्हेंबरअखेर. सुहासचं वजन आठवड्याला पाऊण किलोनं उतरतंय.

सासूबाई फिरायला गेल्यावर सुहासला सांगितलं. तो आधी हसला, हसताना धाप लागली. "म्हणजे आईच्या दिव्यानं तुझे दोन्ही दिवे पाडले."

"मीच ठेवला तो."

"तिला सांगू नकोस. तिच्या हातात तेवढंच आहे."

"आणि माझ्या हातात?"

"तुझ्या हातात वही आहे की."

मी वही मिटली. दुकानाच्या यादीत नाव घालावं का, हा विचार पुन्हा केला. वकील, डॉक्टर, ग्रीन कार्ड, अठ्ठेचाळीस. कागद हातचे गेले तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर इन्शुरन्स, इन्शुरन्सबरोबर केमो. फिरून तिथेच आले. फोनवर सांगलीची माणसं विचारतात, घरी कधी येणार? पूर्वी मी मनात दोन्हीकडची तुलना करत बसायचे, तिथलं पाणी, इथले रस्ते. आता करत नाही. ज्या जागी सुहासच्या पोटात चार घास जातील ते घर. सध्या अशी जागा मला माहीत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी सहाला उठले. सासूबाई अंघोळ करून आल्या तेव्हा म्हटलं, "आई, दिवा बाहेर ठेवू या. सुहासला समोर हवाय." त्यांचा चेहरा उजळला. "म्हणाला तसं? कधी?" काल, म्हटलं. अखंड दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून काच धरून, एकेक पाऊल टाकत मी तो स्वयंपाकघरात आणला, शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा लावला आणि खाली ओट्यावर ठेवला. सुहास टेबलापाशी बसला होता. तेलाचा वास सुटला तसा तो तोंडानं श्वास घ्यायला लागला, पण आईकडे बघून म्हणाला, "छान दिसतो गं." पेजेचे तीन चमचे खाल्ले. तिसराही आत राहिला.

मग कपाटात गेले, दार लावलं, फटीत टॉवेल कोंबला आणि काळोखात उभी राहिले. डोळे सरावले तरी कुठे फट दिसली नाही. सात वाजता टायमर टक् करून वाजला, दोन्ही दिवे लागले. वहीत तारीख घातली आणि बाहेर येऊन वजनकाटा मांडला.

सुहास माझा खांदा धरून चढला. नजर समोर भिंतीवर. "किती ढेपा?"

एकोणपन्नास पूर्णांक चार.

"पाच," मी म्हटलं.